गवत आत्याचे, माती अप्पांची

आमच्या डोंगराचा विषय घरात आता कोणी काढत नाही. चुकून निघालाच तर अप्पा म्हणतात, "त्या वर्षी पाऊसच विचित्र झाला," आणि पाण्याचा पेला उचलतात. पाऊस विचित्र झाला नव्हता. मावळात जसा पडतो तसाच पडला. मी त्या दिवसांत तिथेच होते, म्हणून हे लिहिते आहे. बोलायला गेले की कोणीतरी मध्येच विषय बदलते. लिहिताना कोणी मध्ये बोलत नाही.

अप्पा म्हणजे माझे वडील. ते वकील आहेत आणि आमचे घर लोणावळ्याला आहे. जमीन मात्र बेडशाच्या अलीकडच्या एका गावात. खाली भाताची खाचरे आणि त्यांच्यावर एक गवताळ डोंगर. अप्पांची थोरली बहीण, माझी आत्या, तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परत आली. तिच्या पोटापाण्याची सोय म्हणून आजोबांनी त्या डोंगरावरच्या गवताचा हक्क तिला हयातभर दिला. गावातल्या दोन खोल्यांत ती एकटी राहू लागली. गावात सगळे तिला अक्का म्हणत, अप्पाही अक्काच म्हणत. दोन म्हशी, त्यांचे तूप, आणि म्हशींना पुरून उरेल ते गवत निम्म्या वाट्याने कापून घेणारे गावकरी, एवढ्यावर तिचे चालत असे. ती कोणाच्या स्वयंपाकघरात नव्हती. आमच्या नात्यातल्या बाकीच्या सगळ्या विधवा कोणाच्या ना कोणाच्या स्वयंपाकघरात होत्या. पहाटे चूल पेटवायला उठत आणि सगळ्यांची पाने झाल्यावर उरेल ते खात. हा फरक मला फार लहानपणी कळला होता.

मी पुण्याला इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात वाढले. सुटीत लोणावळ्याला उतरायचे, आणि चार दिवसांत काहीतरी निमित्त काढून कामशेतची गाडी पकडून आत्याकडे जायचे. तिथे मला कोणी "इंग्रजीत बोलून दाखव" म्हणत नसे.

डोंगर मी तिच्याबरोबर पुष्कळ फिरले. दुरून तो एकसारखा हिरवा किंवा एकसारखा पिवळा दिसे. जवळून तसा नव्हता. माथ्यावर माती नावालाच, तांबूस, भुरभुरीत, तिथे गवत आखूड आणि विरळ. उतारावर जिथे जरा खोलगट भाग असेल तिथे माती काळपट होत जाई आणि पवन्या गवत कमरेपर्यंत येई. गवताचा एखादा जुना ठोंब उपटला की मुळांच्या जाळ्यात गच्च धरलेली माती त्याच्याबरोबर उठून येई, आणि खाली लगेच मुरूम दिसे. पिवळट, ठिसूळ, नखाने खरवडावा असा. मधूनमधून गोल धोंडे, कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले. त्याच्याही खाली काळा कातळ. म्हणजे एवढ्या मोठ्या डोंगराची माती वीतभरच होती आणि ती मुळांनी धरून ठेवली होती. आत्या म्हणायची, "माझा डोंगर म्हणजे गोधडी आहे. शिवण उसवली की नुसता कापूस."

मी मॅट्रिक झाले त्या वर्षी दादा विलायतेहून परत आला. तो माझा थोरला भाऊ. दोन वर्षे तिकडे शेतकी शिकला होता आणि त्यातला बराच काळ एका डोंगराळ भागात, गवताच्या शेतावर राहिला होता. तिथला एक जाड ग्रंथ त्याने आणला होता. डोंगरावरच्या गवताळ जमिनी आणि त्यांची सुधारणा, असा विषय. त्या शेताजवळचा ग्रॅनाइटचा एक तुकडाही आणला होता, कागदांवर ठेवायला. करड्या-गुलाबी दगडात अभ्रकाच्या चांदण्या चमकत. येईल त्याला तो हातात देत असे.

ग्रंथ मी वाचला. दादाने दिला नव्हता. तो फिरायला गेला की मी घेत असे. पुस्तक वाईट नव्हते. लिहिणाऱ्याला त्याचा डोंगर नीट ठाऊक होता. ग्रॅनाइट झिजला की त्यातली गारगोटी झिजत नाही, तिचे खडबडीत कण राहतात, म्हणून तिथली माती रेताड. चुना तिच्यात जवळजवळ नाही, म्हणून ती आंबट. तिथे वर्षभर झिमझिम असते, थंडीने पाला कुजत नाही, वरचा थर ओल्या बोळ्यासारखा होतो आणि त्यात पाणी साचून गवताची मुळे मरतात. त्यावर त्याचे उपाय: चुना टाका, जुने गवत नांगरून काढा, पाणी निघून जावे म्हणून सऱ्या वरून खाली उभ्या धरा, नवे बी पेरा. त्याच्या डोंगरासाठी हे सगळे बरोबरच असेल.

दादाने आत्याच्या डोंगरासाठी हेच ठरवले.

त्याच सुमारास खंडाळ्याच्या बंगल्यात राहणारे एक निवृत्त इंजिनिअर आमच्याकडे जेवायला आले होते. सणाचे जेवण म्हणून आत्याही लोणावळ्याला आली होती आणि आल्या क्षणापासून स्वयंपाकघरात होती. पाटावर बसून दादा डोंगराची योजना सांगत होता. विलायती गवत, तिप्पट चारा, पुढे दुधाचा कारखाना. अप्पा खूश होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "आमच्या या बाईसाहेबसुद्धा भूगोलात हुशार आहेत हो. काय गं, तुला काय वाटतं? इंग्रजीत सांग, साहेबांना आवडेल."

मला बोलायचे होतेच. कित्येक दिवस मी मनात वाक्ये जुळवत होते, आणि ती वाक्ये इंग्रजीतच होती, कारण ते सगळे मी इंग्रजीतच वाचले होते. मी बोलले. ते पुस्तक ग्रॅनाइटच्या डोंगराबद्दल आहे, म्हटले. आपला दगड काळा आहे, त्यात गारगोटीचे कण नाहीत, असतात ते नुसते छिद्रांत भरलेले पांढरे खडे. तो झिजला की बारीक तांबडी माती होते आणि ती पाण्याबरोबर वाहते. तिथे पाणी साचण्याची भीती आहे, आपल्याकडे चार महिने धो धो कोसळते आणि आठ महिने थेंब नाही. आपली माती वीतभर आहे. गवत काढले तर ती राहणार नाही. एवढे सलग मी त्या घरात कधी बोलले नव्हते.

इंजिनिअरसाहेबांनी टाळी वाजवली. "वा! काय उच्चार आहेत! डोळे मिटून ऐकलं तर मडमच बोलतेय असं वाटेल."

"फी वाया गेली नाही म्हणायची," अप्पा हसत म्हणाले.

"पाठांतर पहिल्यापासून चांगलं आहे तिचं," दादा म्हणाला, आणि त्याने कढी मागितली.

मी काय म्हटले त्यातला एकही शब्द कोणी उचलला नाही. खोडूनही काढला नाही. खोडून काढला असता तर मला राग आला नसता. कढी वाढायला आलेली आत्या माझ्याजवळ वाकली आणि हळूच म्हणाली, "काय सांगितलंस गं एवढं?"

जेवणे झाल्यावर मी तिला मराठीत सांगू लागले आणि अडखळले. शाळेत शिकलेल्या गोष्टींना माझ्याजवळ मराठी शब्दच नव्हते. शेवटी म्हटले, "तो दगड निराळा आहे, आत्या. आपली माती वाहून जाईल."

"ते मी त्याला चार वेळा सांगितलं," आत्या म्हणाली. "मला म्हणाला, तुला काय कळतं. तुला निदान टाळी तरी मिळाली."

त्या संध्याकाळी तिने ओटीवर अप्पांना गाठले. मी दाराआड उभी होते. दाराआड उभे राहणे मला चांगले जमते.

"गवत माझं आहे ना रे?"

"तुझंच आहे, अक्का. नवं येईल तेही तुझंच. कोण नाही म्हणतंय?"

"मग नांगर घालायच्या आधी मला विचारायचं नाही?"

"हे बघ, वडिलांनी तुला गवत दिलं. जमीन दिली नाही. माती माझी आहे. माझ्या मातीत नांगर घालायला तुझी परवानगी कशाला लागते?"

"बरं. माती तुझी. मग ती तुझ्याकडे ठेव आणि मला सांग, मी गवत कशात वाढवू? डोक्यावर?"

अप्पा हसले. त्यांना तो विनोद वाटला. कोर्टात त्यांचे नाव आहे आणि गवत नि माती वेगळी करण्याचा त्यांचा मुद्दा कोर्टात टिकलाही असता. मी दाराची कडी इतकी घट्ट धरली होती की तिचा वळ हातावर उमटला.

वैशाखात नांगर गेले. मी आत्याकडे होते. उन्हाने सगळे वाळलेले, ठोंब तेवढे जमिनीला चिकटून. दादा विलायती टोपी घालून उतारावर उभा होता. गावातल्या माणसांचा एक नांगर खाली थांबला. नांगरकऱ्याने वर पाहिले आणि म्हणाला, "सायेब, ह्यो बैल हाय. घोरपड न्हाई."

बाकीचे हसले. दादा हसला नाही. "वरून खाली उभा धरा," तो म्हणाला. "आडवा नको."

मी त्याच्याजवळ गेले. आजूबाजूला माणसे होती, म्हणून आवाज आपोआप खाली गेला. "दादा, सऱ्या आडव्या धरल्या तर निदान पाणी अडेल."

"पाणी अडवायचं नाही, काढायचं आहे. आकृती पाहिली नाहीस? चोरून वाचतेस ते ठाऊक आहे मला."

"ती आकृती इथली नाही."

"घरी जा. ऊन लागेल."

फाळ लागला की ठोंब फाटल्याचा आवाज होई, जुने जाड कापड फाडावे तसा. मागे तांबड्या रेघा, त्यांत मुरूम उघडा. दोन दिवसांत डोंगराचे मधले सगळे अंग सोलून निघाले. मग चुन्याची पोती आली. वारा सुटला आणि निम्मा चुना माणसांच्या डोळ्यांत गेला. आत्याने घरातले दूध नेऊन त्यांचे डोळे धुतले. विलायती बी पेरून दादा लोणावळ्याला गेला. कडेला कड्याच्या तोंडाशी एक पट्टा नांगरायचा राहिला, कारण तिथे बैल पाऊल टाकेनात. दादा त्याला "उरलेला कचरा" म्हणाला.

आषाढाचे वर्णन करत नाही. मावळातल्या माणसाला ते करायला नको आणि बाहेरच्याला ते पटत नाही. सऱ्यांनी आपले काम चोख केले, एवढे सांगते. पाणी निघून जावे म्हणून त्या धरल्या होत्या आणि पाणी निघून गेले. जाताना माती घेऊन गेले. प्रत्येक सरीची आधी घळ झाली, मग घळी एकमेकींना मिळाल्या. विलायती बी उगवलेले मी एकदाच पाहिले, बोटाएवढे, पोपटी, सुंदर. दोन दिवसांनी गेले तेव्हा ते उगवले होते ती जागाच नव्हती.

त्याच सकाळी डोक्यावर इरले घेतलेला एक म्हातारा शेतकरी आत्याच्या दारात येऊन उभा राहिला. त्याला आम्ही आबा म्हणत असू. त्याची खाचरे डोंगराच्या पायथ्याशी होती आणि भाताची लावणी नुकतीच झाली होती.

"अक्का, बाहेर या. तुमच्या डोंगरानं माजं खाचर गिळलं."

आत्या बाहेर आली. "काय झालं, आबा?"

"काय व्हायचं? ढोपरभर मुरूम आलाय. रोप कुटं हाय ते हुडकाया लागतंय. लय वर्सं तुमच्या डोंगराखाली राबलो, कदी दगड न्हाई आला. अवंदा काय झालं तुमास्नी? सोन्यासारका डोंगर, न् नांगर घातलासा?"

"मी नाही घातला, आबा. गवत तेवढं माझं. जमीन भावाची."

आबा उंबऱ्याजवळ सरकला. इरल्यावरून पाणी गळत होते. "आमी तर ल्हानपनापासनं अक्काचा डोंगर म्हनतो. बरं. गवत तुमचं, माती वकिलाची. मंग माज्या खाचरात आलीया ती कुनाची?"

आत्या गूळ-पाणी आणायला वळली.

"वकिलाची आसंल तर त्येला सांगा, उचलून न्हे म्हनावं. चुना बी हाय त्यात. पान खायाला व्हईल."

तो निघून गेला, पण दिवसभर एकेकजण येत राहिला. कोणी बांध फुटला म्हणून, कोणी ओढ्याचे पाणी लाल झाले, जनावर तोंड लावत नाही म्हणून. लोणावळ्याला कोणीच गेले नाही. लोणावळा लांब, वकील मोठा. शिव्या सगळ्या आत्याच्या दारात. ती प्रत्येकाला आत घेऊन गूळ-पाणी देत होती, आणि मी कोपऱ्यात बसून दात आवळत होते. एकीने तर गूळ तोंडात टाकूनच म्हटले, "रांडमुंड बाईच्या नावावर डोंगर ठिवला की आसंच व्हनार." आत्याने तिला आणखी एक खडा दिला.

अप्पा आणि दादा आले ते पावसाची जरा उघडीप झाल्यावर. दादाने मातीची चिमूट चोळून पाहिली आणि बियाण्यात खोट होती म्हणाला. अप्पा आत्याच्या खोलीत खाटेवर बसले आणि फार मायेने बोलले. ती माया मला अजून सहन होत नाही.

"झालं ते झालं, अक्का. आता इथे कशावर राहणार? गवत नाही तर म्हशी नाहीत. म्हशी विकून टाकू. तू लोणावळ्याला चल. घर तुझंच आहे. हिच्या आईला अलीकडे चुलीपुढे बसवत नाही, तुझा हात लागला तर सगळ्यांनाच बरं."

म्हणजे शेवटी तिच्याही वाट्याला स्वयंपाकघरच होते. मी आत्याकडे पाहिले. तिने गोठ्याकडे पाहिले. एक म्हैस गाभण होती.

"गवत माझं आहे ना अजून?" ती म्हणाली.

"अगं, गवत आहे कुठे?"

"आहे तेवढं माझं आहे ना?"

"हो बाई, तुझंच."

"मग दिवाळीनंतर बोलू."

दिवाळीनंतर आजूबाजूच्या डोंगरांवर कापणी सुरू झाली. आमच्या डोंगरावर कड्याकडचा तो पट्टा तेवढा उभा होता. वाऱ्यावर लवणारे, पिकलेले पवन्या गवत, आणि त्याच्या शेजारी मैलभर उघडा मुरूम. एवढ्याशा गवतात निम्मा वाटा देऊन कोणी येणार नव्हते, आणि निम्मा देऊन म्हशीलाही पुरले नसते. तेव्हा आत्याने पदर खोचला, विळा घेतला आणि स्वतः गेली. मीही गेले. मला विळा धरता येत नव्हता. पहिल्याच सकाळी गवताच्या पात्यांनी हात चिरले आणि घामाने ते चरचरले. आत्या पुढे कापत होती, मी मागून गोळा करून भारे बांधत होते. ती मध्येच म्हणाली, "इंग्रजीत गाठ सुटते वाटतं तुझी," आणि माझा भारा पुन्हा बांधून दिला.

वकिलाची बहीण डोंगरावर गवत कापते, ही बातमी गाडीपेक्षा आधी लोणावळ्याला पोचली असावी. तिसऱ्या प्रहरी टांगा आला. अप्पा कोट घालून पायथ्याशी उभे राहिले. दोन्ही बाजूंच्या डोंगरांवरची माणसे हात थांबवून बघू लागली.

"अक्का! खाली ये!"

आत्या कापत राहिली.

"लोक बघताहेत! घराण्याची अब्रू आहे की नाही काही?"

आत्याने मूठ भरली, विळा फिरवला, पेंढी मागे टाकली. मग अप्पा माझ्यावर ओरडले, आणि ते इंग्रजीत, लोकांना कळू नये म्हणून. ताबडतोब खाली ये, तुझ्या लग्नाचं काही वाटतं की नाही? मला प्रत्येक शब्द ऐकू आला. मी पेंढी उचलली आणि भाऱ्यात घातली. मला राग आला होता, आणि राग एवढा उपयोगी पडतो हे मला तोवर ठाऊक नव्हते.

खालच्या खाचरातून आबाने हाक दिली, "वकीलसायेब, वर जा की! वाऱ्यानं आवाज पोचंना त्यास्नी!"

अप्पा चढू लागले. सरळ वाट नांगरलेल्या अंगातून जात होती. पूर्वी तिथे गवताच्या ठोंबांवर पाय रोवत लहान मूलही चढे. आता बुटाखाली मुरूम सुटत होता. दोन पावले वर, एक खाली. अर्ध्यात ते हातांवर आले आणि तिथेच बसले. कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.

आम्ही भारे डोक्यावर घेतले आणि कडेकडेने, गवताच्या पट्ट्यातून, उतरलो. त्यांच्या बरोबरीला आल्यावर आत्या थांबली. तिने भारा खाली ठेवला नाही.

"एक म्हैस विकते," ती म्हणाली. "एकीपुरतं निघेल. मी येत नाही."

"आणि पुढच्या वर्षी?" अप्पा धापा टाकत म्हणाले.

"पुढच्या वर्षी तू डोंगरावर काही आणू नकोस. ना नांगर, ना बी, ना पुस्तक. इथे आपोआप काय येतं ते येऊ दे. आधी हलकं कुसळी गवत येईल, ते येऊ दे, पवन्या मागून येईल. मला एवढा शब्द दे."

अप्पांनी बुटातला खडा काढला, रुमालाने हात पुसले आणि दुसरीकडे पाहिले. त्यांनी तेव्हा शब्द दिला नाही. नांगरलेल्या अंगावर यंदा जागोजाग कुसळी आली आहे, आत्या अजून तिथेच राहते, आणि शब्द अजून दिलेला नाही.